कालमेघाचा वाचक

मासळीबाजारातून परतताना हाराधन कुंडूंची मान नेहमीसारखी खाली होती. गल्लीच्या तोंडाशी फरशी उखडलेली आहे आणि मागच्या पावसाळ्यात तिथल्या खड्ड्यानं त्यांची एक चप्पल गिळली होती. त्यामुळे आपलं नाव आपल्याच डोक्यावर टांगलेलं आहे हे त्यांना आधी कळलं नाही. आधी रस्त्यावर हलणारी एक लांबट सावली दिसली, आणि तिच्यातून जाताना उगाच गार वाटलं. वर पाहिलं तर दोन खांबांच्या मधे कापडी फलक ताणलेला. फुलकोबीएवढी अक्षरं. हाराधन कुंडू. त्यांनी ते दोनदा वाचलं, कारण वीस वर्षांचे होईपर्यंत त्यांना वाचता येत नव्हतं आणि तेव्हापासून कुठलीही पाटी एकदा वाचून तिच्यावर विश्वास टाकायची त्यांची तयारी नसे. नावाखाली लिहिलं होतं: तेतो आंदोलनाचे विद्रोही कवी, यांचा भव्य सत्कार. आणि त्याच्या खाली, जरा बारीक अक्षरात: सभापती, श्री. शिवतोष लाहिडी. पिशवीतली मासळी एकदा उडाली. मघाशी बाजारात मासळीवाली आंगूरबाला कुणाला तरी ‘कविबाबू’ म्हणाली होती आणि त्यांनी मागे वळून पाहिलं होतं, तिथे फक्त एक मांजर होतं. त्याचा अर्थ आता त्यांना लागला.

“काका, हलू नका! फलकासकट फोटो काढतो,” शिडीवरून लाल्टू ओरडला. लाल्टू हा गल्लीतल्या क्लबाचा सांस्कृतिक चिटणीस. पन्नाशीला आलेला, टक्कल पडलेला, पण क्लबात तो अजून तरुण विभागातच होता.

“अरे, हे कोण?”

“तुम्हीच की. ‘प्रख्यात’ पण घालणार होतो, कापड कमी पडलं.”

“लाल्टू, मी कविता लिहिलेल्या नाहीत.”

“असू दे, असू दे.”

“असू दे काय? एक ओळसुद्धा नाही.”

लाल्टू शिडीवरून दोन पायऱ्या खाली आला आणि आजारी माणसाशी बोलावं तसा बोलू लागला. “काका, गेल्या आठवड्यात प्रदर्शनासाठी म्हणून तुम्ही ती पत्र्याची पेटी उघडून दाखवलीत ना मला? तेतोवाल्यांची झाडून सगळी पत्रकं. एकेक कागद छत्रीच्या कापडात गुंडाळलेला, मधे कडुनिंबाचा पाला. तेव्हाच मी ओळखलं. पन्नास वर्षं दुसऱ्याच्या कविता कोण असा सांभाळतो? माणसं स्वतःची जन्मकुंडली हरवतात. त्या पत्रकांखाली सही करणारा कालमेघ म्हणजे तुम्हीच. आता लाजू नका.”

“मी वाचक आहे रे.”

“सगळे मोठे कवी असंच म्हणतात,” लाल्टू म्हणाला आणि दोरीची गाठ आवळायला पुन्हा वर चढला.

हाराधनबाबू चालू लागले. लाल्टूची चूक झाली होती, पण ती या शहरात कुणाचीही झाली असती, हे त्यांना चालता चालता पटत गेलं. या कलकत्त्यात कविता कोण लिहीत नाही? त्यांचा दातांचा डॉक्टर लिहितो आणि तोंडात हत्यार असताना म्हणून दाखवतो. होमिओपॅथीवाला साबुदाण्यासारख्या गोळ्या ज्या पुडीत बांधतो त्या पुडीच्या आत त्याचीच चार ओळींची कविता छापलेली असते. त्यांचा मेहुणा लिहितो, मेहुण्याचा घरमालक लिहितो, आणि भाडं थकलं की दोघं एकमेकांना कविता ऐकवतात. अशा गावात आपण वाचतो पण लिहीत नाही असं कुणाला सांगितलं की समोरचा आवाज खाली आणायचा, जणू घरात काहीतरी दुखणं आहे आणि ते विचारायला नको होतं. लग्न झालं तेव्हा सासऱ्यांनीही एकांतात विचारलं होतं, “अजिबात नाही? शाळेतसुद्धा नाही?” शाळा झालीच नव्हती. सासरे म्हणाले, “हां, मग ठीक,” आणि निःश्वास सोडला.

शाळा झाली नव्हती, कारण त्या वयात ते सीमेपलीकडून आलेल्या लोंढ्यात एका काकाचं धोतर धरून चालत होते. मग छत्र्यांच्या कारखान्यात काळं कापड काड्यांना शिवायचं काम लागलं. कारखान्याच्या मालकाची विधवा बहीण वरच्या मजल्यावर राहायची; तिला दिवसभर करायला काही नसे, म्हणून विशीतल्या हाराधनला समोर बसवून तिनं अक्षरं शिकवली. पाटी नव्हती, काळ्या कापडाच्या चिंध्यांवर शिंप्याच्या खडूनं शिकवली. अक्षर चुकलं की ती चिंधी झटकायची आणि अक्षर हवेत उडून जायचं. हाराधनला वाटे की लिहिणं म्हणजे असंच उडून जाणारं काहीतरी, आणि वाचणं म्हणजे ते उडायच्या आत धरणं. कदाचित म्हणूनच त्यांना कधी लिहावंसं वाटलं नाही. धरायचं काम आधीच इतकं होतं.

आणि मग एका संध्याकाळी हातिबागानच्या नाक्यावर घेतलेली वांग्याची भजी ज्या कागदात आली, तो कागद. भजी खाऊन झाल्यावर बोटं पुसायला म्हणून तो त्यांनी उलगडला, आणि अक्षरं दिसली म्हणून सवयीनं जोडू लागले. तेलानं अर्धा कागद आरपार झाला होता, मागचा दिवा त्यातून दिसत होता. आई. मला. गोड. काही. वाढू नकोस. माझी जीभ अजून जिवंत आहे. दिव्याच्या खांबाखाली उभ्यानं, एकेक अक्षर बोटाखाली धरून, त्यांनी तो अख्खा कागद वाचला. आयुष्यात पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाचलेली गोष्ट ती. आधी त्यांना वाटलं, कुणीतरी आईला पत्र लिहिलंय आणि ते चुकून भजीवाल्याकडे आलं, पोचवायला हवं. पण पत्ता नव्हता. खाली फक्त ‘कालमेघ’ असं नाव होतं. कालमेघ म्हणजे तो कडूजहर पाला, पोर जरा खोकलं की आया ज्याचा रस नाक दाबून पाजतात. त्यांची आईसुद्धा पाजायची. ती पलीकडेच राहिली, पण तो कडूपणा जिभेच्या मागच्या बाजूला राहिला होता, आणि त्या खांबाखाली तो एकदम वर आला. वांग्याची भजी फुकट गेली म्हणायची.

नंतर कळलं की असा एक गटच आहे. चार-पाच पोरगे, सगळ्यांनी कडू पाल्याची नावं घेतलेली. त्यांचं म्हणणं साधं होतं: आपल्याकडे जेवणाची सुरुवात कडूनं होते, कारल्याचं शुक्तो नाहीतर कडुनिंब-वांगं, मग बाकीचं ताट, पण आपली कविता पिढ्यान्‌पिढ्या शेवटची मिठाई, संदेश आणि रसगुल्लाच, वाढत बसली आहे आणि वाचकांना मधुमेह झाला आहे. तेतो, म्हणजे कडू. पहिला घास कडू हवा. ते पुस्तक छापत नसत. एकपानी पत्रकं काढून ट्रामच्या थांब्यांवर वाटत, आणि वाटूनही उरली की भजीवाल्यांना देत. हाराधननं त्यानंतर दोन वर्षं इतकी भजी खाल्ली की त्यांना कावीळ झाली. वैद्यानं कालमेघाचाच रस दिला. कविता भजीतून मिळते एवढंच तेव्हा त्यांना माहीत होतं. पुढे इतरांच्या कविता वाचून पाहिल्या, चांगल्या जाड बांधणीच्या पुस्तकांतून, पण त्या सगळ्या त्यांना पथ्याच्या पेजेसारख्या लागल्या.

“अहो, ऐकलं का?” दारातच मलिनानं पिशवी घेतली. “शेजारची बौदी येऊन गेली. म्हणते, इतकी वर्षं लपवून ठेवलं हो तुमच्या यांनी! मी म्हटलं, माझ्यापासूनही लपवलं बाई.”

“तू असं म्हणालीस?”

“मग काय म्हणू? शाल देणार आहेत, मिठाईचा खोका देणार आहेत, फोटो निघणार आहे. मी कुणाला सांगणार नाही.”

“काय सांगणार नाहीस?”

“की तुम्हाला काही येत नाही.” ती मासळी घेऊन आत गेली आणि तिथून म्हणाली, “इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वाचल्यात, त्यात एखादी आपली होऊन गेली असती तर काय बिघडलं असतं? मी वीस वर्षं शेजारणीचं लोणचं पाहून पाहून शिकलेच की.”

हाराधनबाबू खाटेवर टेकले. शाल, खोका, फोटो, यांतलं काहीच त्यांना टोचत नव्हतं. टोचत होती ती फलकावरची बारीक अक्षरातली ओळ. सभापती, श्री. शिवतोष लाहिडी.

कारण शिवतोष लाहिडी हेच कालमेघ होते.

हे या गल्लीत फक्त एका माणसाला ठाऊक होतं आणि त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. मलिनाला नाही, लाहिडींना तर नाहीच. हातगाडीवर उभा राहून ‘नळ’ ही कविता ओरडून म्हणणारा एक हडकुळा पोरगा त्यांनी पाहिला होता, गर्दीत तिसऱ्या रांगेतून. ‘नळ’ म्हणजे तीच, आईपासून सुरू होणारी. तिच्यात मधे एक ओळ होती: पहाटे नळातून मंत्र्यांचं मूत येतं, आम्ही त्यानं चुळा भरतो. त्या ओळीवरून पोलीस आले. खटला झाला. हाराधन कारखान्यात पोट बिघडल्याचं सांगून कोर्टाच्या दाराशी जाऊन उभा राहिला होता. आत तोच हडकुळा पोरगा पिंजऱ्यात उभा होता, केस चापून बसवलेले, बाजूला वडील आणि वडिलांनी आणलेला वकील, आणि तो खाली बघून म्हणाला, “ही कविता माझी नाही. मी फक्त वाटायला गेलो होतो.” सुटला. बाकीचे पांगले. कुणी विम्यात गेला, कुणी संन्यास घेतला आणि तोही सोडला. हाराधन त्या दिवशी चालत परत आला आणि त्याला राग आला नाही, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. आई चार माणसांत ओळख देत नाही असं कधी कधी होतं, पोर फार मळकं असलं तर. म्हणून पोर तिचं नसतं असं नाही. कुणीतरी ते घरी न्यायला हवं, एवढंच.

बरीच वर्षं गेली. स्वतःचं छत्र्यांचं दुकान झालं. एका दुपारी एक सद्गृहस्थ मोडक्या काडीची छत्री घेऊन आले आणि म्हणाले, “हिची जीभ बाहेर आलीय, बघा.” छत्रीच्या काडीला जीभ म्हणणारा माणूस. आवाज जरा जाड झाला होता, पण तोच होता. छत्री घरी पोचवायची होती म्हणून त्यांनी पत्ता सांगितला, आणि हुद्दाही सांगितला: शहराच्या पाणीखात्यात अधिकारी. नळांवर! हाराधनबाबूंना इतकं हसू आलं की त्यांना काउंटरखाली वाकून काही शोधत असल्याचं दाखवावं लागलं. महिन्याभरात त्यांनी याच गल्लीत बिऱ्हाड केलं. मलिनानं विचारलं, ही कुबट गल्ली का? ते म्हणाले, इथे पाण्याचा जोर चांगला आहे, खात्याचा साहेब राहतो. ते खरंही निघालं.

तेव्हापासून दोघं रोज सकाळी मासळीबाजाराच्या वाटेवर भेटत. “बरं आहे ना?” “चाललंय.” “पोट?” “काल जरा जड होतं.” “ओवा घ्या.” इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांच्या पोटाशिवाय कशाबद्दलही बोलणं केलं नव्हतं. लाहिडींच्या पोटाची हाराधनबाबूंना जेवढी माहिती होती तेवढी त्यांच्या डॉक्टरला नसेल. लाहिडी आता गल्लीतल्या प्रत्येक समारंभाचे सभापती असत. माकडटोपी घालून शिस्त, स्वच्छता आणि वक्तशीरपणा यांवर बोलत, आणि हाराधनबाबू तिसऱ्या रांगेत बसून ऐकत. तिसरी रांग त्यांनी सोडली नव्हती. त्या भाषणात चुकून कधी एखादा शब्द यायचा, एखादं वाक्य नको तिथे मोडायचं, आणि त्यांच्या मानेवर काटा यायचा. तेवढ्यासाठी ते स्वच्छता सप्ताहालाही जात.

आणि आता त्याच माणसाच्या हातून, त्याच माणसाच्या कवितेसाठी, आपण शाल घ्यायची. नाही म्हणावं, तर मग कालमेघ कोण असा प्रश्न येणार, लाल्टू पेटी उचकणार, कुणीतरी जुने खटले काढणार, आणि नातवंडांपुढे, क्लबापुढे, मोलकरणींपुढे म्हाताऱ्याचा तो पिंजरा पुन्हा उभा राहणार. हो म्हणावं, तर जे पोर इतकी वर्षं सांभाळायला म्हणून घरी ठेवलं होतं ते आपलंच म्हणून नावावर करून घेतल्यासारखं. भाताबरोबर मलिनानं आधी कडुनिंब-वांगं वाढलं, फाल्गुनातली कोवळी पालवी तुपात कुरकुरीत केलेली. त्यांना तो घास कधी गेला ते कळलंच नाही. असं याआधी झालं नव्हतं.

दुपारी सज्ज्यातून लाहिडींनी हाक मारली. त्यांचा सज्जा समोरच होता, मधे फक्त कपड्यांच्या दोऱ्या.

“हाराधनबाबू, अभिनंदन! पोट कसं आहे?”

“ठीक आहे. तुमचं?”

“सकाळपासून जरा...” लाहिडींनी पोटावर हात फिरवला आणि दोरीवरचा टॉवेल नीट केला. “संध्याकाळी म्हणायला काही निवडलंय का?”

“लाल्टू म्हणतो ‘नळ’ म्हणा. कोर्टातली.”

“ती नको,” लाहिडी चटकन म्हणाले. मग टॉवेलाकडे बघत, “म्हणजे मला काही माहीत नाही बुवा. पण नावावरून... बायकापोरं असतात. पाणीखात्याबद्दल उगाच गैरसमज.”

“मी मुळात म्हणतोय की मी कवीच नाही.”

लाहिडींनी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दोरीवरचा टॉवेल दोघांच्या मधे हलत होता, त्यामुळे एकदा एक डोळा दिसायचा, एकदा दुसरा. “तसं जाहीर बोलू नका,” ते शेवटी म्हणाले. “मुलांनी खर्च केलाय.” आणि आत गेले.

संध्याकाळी क्लबासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. एका मुलीनं हार्मोनियमवर स्वागतगीत म्हटलं, दुसरीनं हाराधनबाबूंच्या कपाळाला चंदन लावलं आणि ते नाकावर ओघळलं. मंचावर बसल्यावर पहिली गोष्ट त्यांच्या लक्षात आली ती ही की इथून तिसरी रांग दिसते, आणि तिसऱ्या रांगेतली त्यांची खुर्ची रिकामी आहे. आपण तिथे असायला हवं होतं आणि आपण तिथे नाही, असं त्यांना इतकं जोरात वाटलं की क्षणभर आपण आलोच नाही अशी त्यांची खात्री पटली. शेजारी लाहिडी माकडटोपीत. लाल्टू बोलत होता: आपल्या गल्लीच्या मातीत, आपल्याच नळाचं पाणी पिऊन... लाहिडींनी घसा खाकरला. मग शाल आली. लाहिडींनी ती उलगडून हाराधनबाबूंच्या खांद्यांवर टाकली, आणि टाकताना त्यांची बोटं शालीच्या काठावर जरा रेंगाळली, दुकानात कापड पारखावं तशी.

हाराधनबाबू उभे राहिले. “मी कवी नाही,” ते म्हणाले. “मी फक्त वाचतो. या कविता माझ्या नाहीत.”

टाळ्या. पुढच्या रांगेतल्या शेजारच्या बौदीनं डोळ्यांना पदर लावला. “किती विनम्र!” कुणीतरी म्हणालं. दातांचा डॉक्टर मोठ्यानं म्हणाला, “खरी कविता कुणाचीच नसते!” आणि पुन्हा टाळ्या झाल्या, या वेळी डॉक्टरला.

“नळ! नळ!” लाल्टूनं सुरू केलं, पोरांनी उचललं.

त्यांनी लाहिडींकडे पाहिलं. लाहिडी समोरच्या भिंतीकडे बघत होते. दुसरी एखादी कविता म्हणावी असं ठरवून हाराधनबाबूंनी तोंड उघडलं, पण तोंडाला पन्नास वर्षांची एकच सवय होती. “आई, मला गोड काही वाढू नकोस, माझी जीभ अजून जिवंत आहे.” मागे चहावाल्याची केटली ठेवल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं. ते म्हणत गेले. मंचावर आहोत हे विसरले. खांबाखाली होते, बोटाला तेल होतं, एकेक अक्षर येत होतं आणि उडायच्या आत धरायचं होतं. गल्लीतली कळशांची रांग आली, रांगेत उभी म्हातारी आली, पहाट झाली, आता ती ओळ. समोर कपाळाला चंदन लावणारी ती मुलगी मांडी घालून बसली होती. शेजारी तो माणूस होता ज्यानं ती नको म्हटलं होतं. हाराधनबाबूंनी एक श्वास घेतला, ती ओळ ओलांडली आणि पुढची धरली. कुणाला कळलंही नाही.

“एक ओळ गेली.”

आवाज कमी होता, पण सभापतींच्या पुढे वेगळा माइक होता.

हाराधनबाबू थांबले. “माहीत आहे,” ते हळूच म्हणाले.

“मग?”

“बायकापोरं आहेत.”

“अहो, तीच तर ओळ आहे!” लाहिडींनी माकडटोपी उपटून टेबलावर आपटली. उरलेसुरले पांढरे केस उभे राहिले. “ती काढली तर राहिलं काय? रांग, कळशी, म्हातारी, ही काय पाणीखात्याची जाहिरात आहे?” आणि ते उभे राहिले, आणि त्या जुन्या हातगाडीवरच्या आवाजात, शेवटच्या खुर्चीपलीकडे रस्त्यावर जाईल असं म्हणाले, “पहाटे नळातून मंत्र्यांचं मूत येतं, आम्ही त्यानं चुळा भरतो!”

एक पोरगं फिस्सकन हसलं. आयांनी कान झाकले, पोरांचे आणि मग स्वतःचे. सगळ्यात मागे, रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसलेली आंगूरबाला म्हणाली, “खोटं काय त्यात? आमच्या वस्तीत आजही तसाच वास येतो.” आणि एकदम सगळीकडे हशा आणि टाळ्या फुटल्या.

आता कळलं, आता सगळ्यांना कळलं. हाराधनबाबूंनी अंगावरची शाल अर्धी उतरवलीसुद्धा. पण लाल्टूनं माइक ओढून घेतला, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “बघा मंडळी, बघा! आपल्या कवीचे वाचक कसे आहेत बघा! कवी स्वतः ओळ विसरला, पण लाहिडीकाकांना पाठ! एवढं प्रेम! लाहिडीकाका, तुमच्यासारखा एक वाचक मिळाला की कवीचं सार्थक झालं!”

लाहिडींचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. “ती माझी...” एवढं माइकमधून स्पष्ट ऐकू आलं, पण पुढचं हार्मोनियमवरच्या समारोपाच्या गाण्यात गेलं, आणि कुणीतरी त्यांच्या हातात मिठाईचा छोटा खोका ठेवला, वाचकांसाठीचा.

घरी जाताना दोघं एकत्र निघाले, कारण वाट एकच होती. मलिना आणि शेजारची बौदी मागून खोक्यांत काय काय आहे ते बघत येत होत्या. लाहिडी भराभर चालत होते, माकडटोपी हातात. उखडलेल्या फरशीपाशी हाराधनबाबूंनी त्यांचा दंड धरला, तेव्हा ते थांबले.

“केव्हापासून ठाऊक होतं?”

“या गल्लीत येण्याआधीपासून.”

“आधीपासून!” लाहिडींनी डोकं हलवलं. “आणि इतक्या वर्षांत एकदा तोंड उघडलं नाहीत?”

“तुम्ही पोटाचं विचारायचात.”

लाहिडींनी विचारलं, “कोर्टातही होतात?”

“दाराशी.”

एक रिक्षा गेली. ती जाईपर्यंत दोघं भिंतीला टेकून उभे राहिले. हाराधनबाबूंनी शाल पुढे केली तशी लाहिडींनी ती झटक्यानं मागे सारली. “आम्ही पहिल्याच पत्रकात छापलं होतं, शाल घेईल त्याला मेलेला समजावं.”

“मारायला म्हणून नाही देत. हवा गार आहे.”

“तुम्हीच मरा,” लाहिडी म्हणाले, पण आवाज मऊ होता. त्यांनी खोक्याची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. गेटापाशी आल्यावरही ते आत गेले नाहीत. “हाराधनबाबू,” त्यांनी एकदम विचारलं, आणि विचारताना ते हातगाडीवरच्या पोरग्याहूनही लहान दिसले, “कशी आहे हो ती? कुणी कधी सांगितलंच नाही. पोलिसांनी वाचली, न्यायाधीशांनी वाचली, वडिलांनी वाचली. कशी आहे असं कुणी म्हटलं नाही.”

हाराधनबाबूंनी चष्मा काढून पुसला. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याजवळ फार वर्षांपासून तयार होतं. त्यात खांब होता, तेलाचा डाग होता, आई होती. ते सगळं सांगायचं तर रात्र पुरली नसती, आणि लाहिडींना ते बहुधा गोड लागलं असतं.

“पहिली दोन कडवी सोन्यासारखी आहेत,” ते म्हणाले. “तिसरं पडतं.”

“काय?”

“तिसऱ्या कडव्यात तुम्ही चंद्र आणलात.”

“तो कुजका चंद्र आहे!”

“कुजका असला तरी चंद्रच. चार आणे मिठाई आलीच ना शेवटी? मी पहिल्यांदा वाचलं तेव्हाच वाटलं, हा पोरगा भ्याला इथे.”

“भ्याला? मी भ्यालो?” लाहिडींनी मिठाईचा खोका गेटाच्या खांबावर ठेवला, दोन्ही हात मोकळे केले. “अहो, अख्खी कविता त्या चंद्रावर उभी आहे! तुम्हाला वाचता येतं का?”

“उशिरा शिकलो, पण येतं.”

“मग म्हणा. तिसरं कडवं म्हणा. मी दाखवतो कुठे आहे भीती.”

वरून सज्ज्यातून लाहिडींच्या बायकोनं हाक मारली की जेवण गार होतंय. मागून मलिना म्हणाली, “चला हो, कवी लोकांना भूक लागत नसेल, मला लागलीय.” कुणीच हललं नाही. हाराधनबाबूंनी शाल भिंतीवर टाकली, घसा साफ केला आणि तिसरं कडवं सुरू केलं, एकही ओळ न गाळता. गल्लीच्या वर फाल्गुनातला पूर्ण चंद्र आला होता, पिठीसाखरेत घोळल्यासारखा, आणि दोघांनीही वर पाहायचं टाळलं.